पावसाळाभर उभी गाडी, दुसऱ्या किकला चालू

ठाण्यात पाऊस लागला की आमची जुनी स्प्लेंडर ताडपत्रीखाली. मग गणपतीत बाहेर काढली की किक मारून मारून पोटरी भरून यायची. इंजिन ठणठणीत, तुंबायचा तो कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र. आत राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं. आता गाडी ठेवताना एवढंच करतो:

१. पेट्रोल कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) ऑफ.
२. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत. शेवटी जरा गचके देतं, घाबरू नका.
३. चावी बंद.

काढताना कॉक ऑन, अर्धा मिनिट दम धरा, चोक लावून किक.

हे उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये धूर जिवावर बेतू शकतो. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांना ही युक्ती नाही.