काल्पनिक उमेदवार, खरा नकाशा : ऑनलाइन मित्रमंडळींत अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक कशी खेळावी

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची नक्कल हा इंटरनेटवरील मित्रमंडळींत खेळण्याजोगा अतिशय सकस खेळ आहे, कारण त्या निवडणुकीचे बहुतेक नियम लिखित आहेत आणि निकाल सरळ आकड्यांत मांडता येतो. उमेदवार आपल्या कल्पनेतून घडवायचे, नकाशा मात्र खराच ठेवायचा. नकाशाही काल्पनिक केला, तर कोणत्याही डावपेचाचे मोजमाप करता येत नाही आणि खेळ लवकरच नुसत्या भाषणबाजीवर येतो. या खेळाचा गाभा एकाच प्रश्नात आहे : हातातले मोजके दिवस कोणत्या राज्यात खर्च करायचे? पुढचे सर्व नियम हा प्रश्न कठीण व्हावा यासाठीच आहेत.

अमेरिकेत अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी नव्हे, तर राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांनी ठरतो. एकूण निर्वाचक मते ५३८ असतात आणि विजयासाठी २७० लागतात. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधीगृहातील जागा अधिक सिनेटच्या २ जागा इतकी मते मिळतात, तर राजधानी वॉशिंग्टनला ३ मते आहेत. राज्यात एका मतानेही आघाडी घेणाऱ्याला त्या राज्याची सर्व निर्वाचक मते जातात. अपवाद मेन आणि नेब्रास्का यांचा, कारण तेथे काही मते जिल्हावार, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघांनुसार, वाटली जातात. विधानसभेत जास्त मते मिळवूनही कमी जागा पदरात पडलेले पक्ष आपण पाहिले आहेत, त्यामुळे मराठी खेळाडूंना २०१६ चा निकाल समजावून सांगावा लागत नाही. त्या वर्षी हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळाली. परंतु मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया ही तीन राज्ये मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी गेली आणि त्यांच्यासोबत अध्यक्षपदही गेले.

सहा ते आठ जण पुरेसे होतात. दोन उमेदवार, प्रत्येकाचा एक प्रचारप्रमुख, बातम्या लिहिणारा एखादा पत्रकार आणि एक सूत्रधार. सूत्रधार निवडताना घाई करू नये. त्याने स्वतः उमेदवार असता कामा नये, त्याला सर्वांच्या गुप्त चाली माहीत असतील, आणि खेळ सुरू झाल्यावर नियम बदलण्याचा अधिकार त्यालाही नसावा. नियमांची प्रत पहिल्याच दिवशी गटात टाकून सर्वांची संमती घ्यावी. जो मुद्दा नियमांत सुटला असेल त्यावर सूत्रधाराने निर्णय द्यावा आणि तो निर्णय शेवटपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच लागू ठेवावा.

उमेदवार घडवताना राज्यघटनेच्या अटी पाळाव्यात : वय किमान ३५ वर्षे, जन्मतः नागरिकत्व आणि देशात किमान १४ वर्षांचे वास्तव्य. उपाध्यक्षपदाचा जोडीदार शक्यतो दुसऱ्या राज्यातला घ्यावा, कारण निर्वाचकांना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मते स्वतःच्याच राज्यातील रहिवाशांना देता येत नाहीत. याच अटीमुळे २००० साली टेक्ससचे जॉर्ज बुश यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार डिक चेनी यांनी आपली मतदार नोंदणी टेक्ससहून वायोमिंगला हलवली होती. हयात राजकारण्यांची नावे किंवा त्यांची उघड ओळखू येणारी रूपे वापरू नयेत, कारण मग गटातील खरे राजकीय मतभेद खेळात उतरतात आणि मैत्रीला त्रास होतो. नाव ठरवल्यावर त्या नावाचा खरा लोकप्रतिनिधी नाही ना, हेही शोधून पाहावे.

प्रत्येक उमेदवाराला वक्तृत्व, संघटन, निधी आणि विश्वासार्हता या चार गुणांत वाटण्यासाठी १२ गुण द्यावेत, एका गुणात किमान १ आणि कमाल ५. सर्वगुणसंपन्न उमेदवार कंटाळवाणा ठरतो. ओहायोची कडक शिस्तीची पण भाषणात अडखळणारी माजी गव्हर्नर, किंवा पैसा भरपूर असूनही लोकांचा विश्वास नसलेला ॲरिझोनाचा उद्योजक यांच्यासाठी डावपेच आखताना खरी मजा येते. स्वतःच्या राज्यासाठी उमेदवाराला १ टक्क्याची वाढ द्यावी, त्याहून अधिक नको. बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांनी २००० साली आपले टेनेसी राज्यच गमावले होते आणि तेथील ११ मते मिळाली असती, तर फ्लोरिडाच्या फेरमोजणीची त्यांना गरजही पडली नसती.

आता आकड्यांचा तक्ता. पन्नासही राज्ये खेळवण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा. २०२४ च्या निकालात सात दोलायमान, म्हणजे कोणत्याही पक्षाकडे झुकू शकणारी, राज्ये बाजूला ठेवली, तर निळ्या (डेमोक्रॅटिक) बाजूकडे २२६ आणि लाल (रिपब्लिकन) बाजूकडे २१९ मते उरतात. उरलेली ९३ मते अशी आहेत : पेनसिल्वेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १० आणि नेवाडा ६. या सात राज्यांवरही उत्तम खेळ होतो. निळ्या उमेदवाराने पेनसिल्वेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकले की त्याची बेरीज बरोबर २७० होते. म्हणून त्या २२६ मध्ये धरलेला नेब्रास्काचा दुसरा जिल्हा आठवा रणप्रांत म्हणून खुला ठेवावा. तो निसटला की बेरीज २६९–२६९ होते, आणि एका मताच्या त्या जिल्ह्यात प्रचाराचा एक दिवस घालवायचा की नाही, यावर प्रचारप्रमुखांची खरी झोप उडते.

प्रत्येक राज्याचा मूळ कल काढण्यासाठी राज्यातील आघाडीतून देशातील आघाडी वजा करावी. २०२० मध्ये बायडेन देशात सुमारे ४.५ टक्क्यांनी पुढे होते, पण विस्कॉन्सिनमध्ये केवळ ०.६ टक्क्यांनी, म्हणजे ते राज्य देशाच्या तुलनेत ३.९ टक्के लाल बाजूला झुकलेले होते. २०२४ मध्ये ट्रम्प देशात १.५ आणि विस्कॉन्सिनमध्ये ०.९ टक्क्यांनी पुढे राहिले, त्यामुळे तेच राज्य ०.६ टक्के निळे ठरले. एकाच निवडणुकीवर विसंबू नये ते यासाठी. दोन्हींची सरासरी घेतली की विस्कॉन्सिनचा कल सुमारे १.६ टक्के लाल येतो, आणि तोच तक्त्यात भरावा. बाकीच्या राज्यांचेही असेच करावे.

प्रचार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या श्रमिक दिनापासून धरावा. आठ फेऱ्या, एक फेरी म्हणजे एक आठवडा, आणि प्रत्यक्षात फेरीला दोन दिवसांची मुदत. प्रत्येक उमेदवाराला फेरीत सहा प्रचारदिन मिळतील. राज्याच्या दौऱ्याचा पहिला दिवस ०.४ टक्के, दुसरा ०.२ आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस ०.१ टक्के देईल. असा घटता क्रम नसेल, तर दोन्ही उमेदवार आठही आठवडे पेनसिल्वेनियातच मुक्काम ठोकतात. एक दिवस निधी गोळा करण्यात घालवला, तर निधीच्या गुणाला पाचने गुणून येणारी रक्कम तिजोरीत जमा होते. कोणत्याही राज्यातील आठवडाभराच्या जाहिरातींची किंमत त्या राज्याच्या निर्वाचक मतांइतकी ठेवावी. जाहिरातीने ०.६ टक्के मिळावेत, पण पुढच्या आठवड्यात त्यातला निम्मा परिणाम ओसरावा, म्हणजे सुरुवातीलाच सगळा पैसा उधळणाऱ्याला किंमत मोजावी लागेल. संघटनाच्या प्रत्येक गुणामागे मतदानाच्या दिवशी एका राज्यात ०.३ टक्के वाढ द्यावी, पण ती राज्ये सातव्या फेरीपूर्वीच लिहून द्यायला लावावीत.

चाली सूत्रधाराला खासगी संदेशाने, ठरलेल्या वेळेआधी पाठवाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी जाहीर कराव्यात. पुण्यातला खेळाडू आणि न्यू जर्सीतला खेळाडू यांच्या वेळेत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते, म्हणून मुदत भारतीय वेळेतच लिहावी. चाल आली नाही, तर मागच्याच फेरीची चाल पुन्हा लागू करावी. यावरून वाद घालायला कोणालाही वाव ठेवू नये.

दर फेरीनंतर सूत्रधार जनमत चाचण्या प्रसिद्ध करतो, खरे आकडे नव्हे. यासाठी दोन रंगांचे फासे टाकून एकातून दुसरा वजा करावा, येणाऱ्या उणे ५ ते अधिक ५ या आकड्याला निम्मे करावे आणि ते खऱ्या आकड्यात मिळवावे. खेळाडूंनी धुक्यात वाट काढायची आहे, हे त्यांनी पहिल्यापासून स्वीकारले पाहिजे. वादविवादाची एक फेरी लेखी घ्यावी : तीन प्रश्न, प्रत्येक उत्तराला दहा मिनिटे, न खेळणाऱ्या तीन मित्रांनी दिलेले गुण आणि त्यात वक्तृत्वाचे गुण. विजेत्याला देशभर १ टक्का द्यावा आणि त्यातला अर्धा पुढच्या आठवड्यात काढून घ्यावा. आरोपांचा बार उडवायला हरकत नाही, पण आरोप फक्त काल्पनिक उमेदवाराच्या आधी लिहिलेल्या चरित्रातून यावेत आणि त्याचे नुकसान विश्वासार्हतेच्या गुणांनुसार कमी व्हावे. बनावट वृत्तपत्राची कात्रणे किंवा फलक बनवले, तर प्रत्येक चित्रावर ‘काल्पनिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत चित्रातच छापलेला असावा, कारण व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेल्या चित्राबरोबर संदर्भ जात नाही.

निकालाच्या दिवशी प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र फासे टाकणे ही नवख्या सूत्रधारांची सर्वांत मोठी चूक असते. खऱ्या निवडणुकीत राज्ये एकत्र सरकतात. २०२४ मध्ये सातही दोलायमान राज्ये एकाच बाजूला गेली. म्हणून फाशांच्या वजाबाकीचा एक आकडा देशासाठी काढून त्याला ०.५ ने गुणावे, एक प्रत्येक विभागासाठी काढून ०.३ ने गुणावे आणि शेवटचा त्या राज्यासाठी काढून ०.२ ने गुणावा. पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्काचा जिल्हा हा एक विभाग, जॉर्जिया व नॉर्थ कॅरोलायना दुसरा, ॲरिझोना व नेवाडा तिसरा. हे तिन्ही आकडे मूळ कल आणि प्रचारातून मिळालेले टक्के यांच्यात मिळवले की राज्याचा निकाल येतो.

फाशांवर संशय येऊ नये यासाठी एक सोपी रीत आहे. दोन्ही उमेदवारांनी १ ते ६ मधला एकेक आकडा सूत्रधाराला गुप्तपणे कळवावा. बेरीज ६ हून अधिक आली तर त्यातून ६ वजा करावेत, आणि उरेल तो फाशाचा आकडा धरावा. दोघांपैकी एकाने जरी आपला आकडा खरोखर कसाही निवडला असेल, तर दुसऱ्याला निकाल वळवता येत नाही.

निकाल एकदम जाहीर करू नयेत. जॉर्जियातील मतदान तेथील सायंकाळी सातला संपते, तेव्हा भारतात बुधवारची पहाटे साडेपाचची वेळ असते. नेवाडाचा क्रम त्यानंतर तीन तासांनी येतो. त्याच क्रमाने, शक्य तर सगळे एकत्र ऑनलाइन असताना, एकेक राज्य उघडावे. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक असेल, तर ते राज्य अनिर्णित ठेवून शेवटी मोजावे. २०२० मध्ये पेनसिल्वेनियात टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसापूर्वी उघडायला परवानगी नव्हती आणि त्या राज्याचा कौल शनिवारपर्यंत लांबला होता, त्यामुळे हा विलंब कृत्रिम वाटत नाही.

२६९–२६९ अशी बरोबरी झाली, तर बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जातो. तेथे प्रत्येक राज्याच्या शिष्टमंडळाला एकच मत असते आणि विजयाला २६ मते लागतात. उपाध्यक्षाची निवड सिनेट करते. कोणत्या राज्याचे शिष्टमंडळ कोणत्या पक्षाकडे आहे, याचा तक्ता खेळ सुरू होण्यापूर्वीच बंद करून ठेवावा, कारण बरोबरी झाल्यावर केलेल्या तक्त्यावर हरणारी बाजू कधीच विश्वास ठेवणार नाही.

शेवटच्या राज्यानंतर सूत्रधाराने मूळ कल, सर्व चाली, फाशांचे आकडे आणि खऱ्या आकडेवारीशेजारी मांडलेल्या चाचण्या असा संपूर्ण तक्ता गटात खुला करावा. कोणत्या आठवड्यात कोणता दौरा वाया गेला, हे तेव्हाच कळते, आणि पुढच्या निवडणुकीसाठी बदलायचे नियम त्याच बैठकीत, विजेता आणि पराभूत दोघेही उपस्थित असताना, मतदानाने ठरवता येतात.