पार्टनरशिप फर्मचं नाव ठरवताय? आधी काय तपासायचं आणि डीडमध्ये (पार्टनरशिपच्या करारपत्रात) काय लिहायचं

पार्टनरशिप करायची ठरली की भांडवल कोणाचं किती, नफ्यात वाटा किती यावर लोक चार-चार बैठका घेतात आणि नाव मात्र कुलदैवतावरून किंवा कोणाच्या तरी मुलीवरून पाच मिनिटांत ठरवून मोकळे होतात. पण नाव ही फर्मची मालमत्ता आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यात कलम 14 मध्ये गुडविल, म्हणजे धंद्याने कमावलेली पत, फर्मच्या मालमत्तेतच धरलंय, आणि गुडविल बसतं ते नावावरच, मग जमीन घेताना सातबारा बघता तसं नावाचंही बघायला नको का?

समजा दोन मैत्रिणी मिळून सांगलीत मसाले आणि लोणच्याचा धंदा काढताय. पाच-सहा नावं काढा, एकावरच जीव लावून बसू नका, कारण तपासात निम्मी उडतात. साई, ओम, स्वामी समर्थ, अन्नपूर्णा ही नावं प्रत्येक गल्लीत आहेत, श्रद्धा असेल तर देवाचा फोटो दुकानात लावा पण ब्रँड वेगळा ठेवा, कारण इतकं कॉमन नाव उद्या कोणी उचललं तर अडवणं फार अवघड जातं. तेच 'उत्तम मसाले' किंवा 'शुद्ध लोणची' या नावांचं, मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. ळ, ण, ज्ञ असलेलं नाव छान वाटतं पण इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो, तेव्हा दहा जणांना नाव फोनवर सांगून टाइप करायला लावा, निम्म्या लोकांनी वेगळं लिहिलं तर विचार करा.

काही नावं सरळ बादच. शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र, तसंच गांधी, नेहरू ही नावं 1950 च्या बोधचिन्ह आणि नावांच्या कायद्याच्या यादीत आहेत, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाहीत. सरकारची मान्यता आहे असं वाटेल असं काही नको. आणि साध्या फर्मपुढे 'लिमिटेड' किंवा 'प्रायव्हेट लिमिटेड' लावायचं नाही, कंपनी कायद्यात त्याला रोज 500 ते 2000 रुपये दंड आहे.

आता तपास. सुरुवात ट्रेडमार्कपासून करा, आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. तिथे क्लास, म्हणजे मालाचा किंवा सेवेचा वर्ग, टाकावा लागतो, एकूण 45 आहेत, आणि इथेच लोक चुकतात कारण मसाले, चटण्या, पापड 30 मध्ये येतात पण लोणचं 29 मध्ये, म्हणजे दोन्ही बघायचे, पुढे खानावळ किंवा केटरिंग काढायचा विचार असेल तर 43 पण. नुसतं हुबेहूब नाव शोधून थांबू नका, 'कंटेन्स' (नावात तो शब्द कुठेही असला तरी दाखवणारा पर्याय) लावून बघा आणि फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, सर्च तर कराच, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असला तरी हरकत येते. एखादा अर्ज 'अबँडन्ड' (सोडून दिलेला) दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका, तो माणूस बाजारात त्याच नावाने माल विकत असू शकतो आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशन नसतानाही असतो.

मग एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था) बघा, तुम्हाला कंपनी करायची नसली तरी. पार्टनरशिप फर्मची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडेही बघा, महाराष्ट्रात भागीदारी कायद्याच्या 1984 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या फर्मशी गल्लत होईल असं नाव रजिस्ट्रार नाकारू शकतो. पण फर्मचं रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, त्यामुळे कितीतरी फर्म त्या यादीत नसतातच. म्हणून गूगल मॅप्स, इन्स्टाग्राम, आणि खरं म्हणजे बाजारात जाऊन होलसेलवाल्याला विचारा 'या नावाचा माल येतो का', त्याला कुठल्याही साइटपेक्षा जास्त माहिती असतं. आणि रजिस्ट्रारकडे नाव लागलं म्हणजे ब्रँडवर हक्क मिळाला असं नाही, तो ट्रेडमार्कचा विषय वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे जवळपास कोणी करत नाही. पार्टनर वेगळे झाले तर नाव कोणाचं? हल्दीरामचं बघा. घरातलीच पार्टनरशिप, 1974 मध्ये मोडली, तेव्हा पश्चिम बंगालमध्ये नाव एका शाखेकडे आणि बाकी भारतात दुसऱ्या शाखेकडे असं ठरलं. पुढे दिल्लीत करोल बागेत त्याच नावाने दुकान निघालं, 1991 मध्ये दावा झाला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्यात दावा करणारी फर्म दाव्याच्या वेळी रजिस्टर्डच नव्हती, आणि भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळे अशा फर्मला कराराच्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. 2000 साली कोर्टाने सांगितलं की नावाची नक्कल थांबवायचा हक्क करारातून नाही, ट्रेडमार्क कायदा आणि कॉमन लॉमधून (कोर्टाच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातून) येतो, त्याला 69 आडवं येत नाही. म्हणजे दार बंद झालं नाही, पण नुसत्या या एका प्रश्नावर किती वर्षं गेली बघा, आणि तिथे तर नावाची वाटणी ठरलेली होती! तुमच्या डीडमध्ये तर 'नाव' या विषयावर एक ओळ पण नसेल.

कलम 36 प्रमाणे बाहेर पडलेला पार्टनर तोच धंदा करू शकतो पण फर्मचं नाव वापरू शकत नाही, वेगळा करार नसेल तर. पण फर्मच मोडली तर गुडविल विकून पैसे वाटायची वेळ येते, आणि दोघींनाही नाव हवं असेल तर भांडण ठरलेलं. म्हणून डीडमध्येच लिहा: एक जण गेली तर नाव कोणाकडे, त्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार, कोणी वारली तर वारसांना नाव वापरता येईल का, डोमेन आणि इन्स्टाग्राम अकाउंट कोणाच्या ताब्यात. नावात आडनाव असेल तर हा भाग दुप्पट काळजीने लिहा. सीए कडून रेडिमेड डीड आणलं असेल तर हे मुद्दे त्यात सहसा नसतात, मागून घालून घ्या, लाजू नका.

नंतरचं सोपं आहे. डीड, पॅन, बँक, जीएसटी सगळीकडे स्पेलिंग एकच, 'अँड' अक्षरात की चिन्हात हेसुद्धा, आणि पॅनसाठी नावाआधी मेसर्स (M/s) लावू नका. दुकानाची पाटी मराठी देवनागरीत लागते आणि ती अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, तेव्हा नाव देवनागरीत कसं दिसतं ते आधीच बघून घ्या.

ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका क्लासला 9000, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या फर्मला 4500. अर्ज सगळ्या पार्टनरची नावं टाकून फर्मसाठी करा. 'माझ्या एकटीच्या नावावर टाकते, नंतर बघू' असं कोणी म्हणालं, कितीही जवळची मैत्रीण असली तरी, तिथेच थांबवा, आणि अर्जाची पावती हातात येईपर्यंत पाकिटं छापायला देऊ नका.