धुरावरच्या कोंबडीसाठी कोळसा कसा निवडावा

आमची संत्र्याची बाग वरुड तालुक्यात आहे. हिवाळ्यात पाहुणे आले की आम्ही बागेतच ड्रममध्ये कोंबडी धुरावर शिजवतो. दोनशे लिटरचा ड्रम आडवा करून उभा चिरलाय, बिजागऱ्या लावून वरच्या अर्ध्याचं झाकण केलंय. (ड्रम खाद्यतेलाचाच घ्या. फवारणीच्या औषधाचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला, जाळला तरी त्यात अन्न शिजवू नका.) एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला जाळीवर कोंबडी, वरून झाकण. तीन तास तिकडे फारसं बघायचं नाही. खाणारे मसाला विचारतात आणि मी तो सांगतेही, पण खरं काम कोळशाचं असतं.

हे मला तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या करीला कळलं. घरात चौदा माणसं, बाहेर झड लागलेली. आदल्या दिवशी बाजारातून कोळशाची गोणी आणली होती. पेटवल्यापासून ड्रममधून पांढराफटक धूर निघत राहिला. मला वाटलं, धूर जास्त म्हणजे चव जास्त. कोंबडी काढली तर कातडीवर चिकट काळा थर, आणि घास कडू. सासूबाईंनी एक तुकडा खाऊन ताट बाजूला ठेवलं, मुलांचे घसे रात्रभर खवखवले. दुसऱ्या दिवशी गोणीतला एक मोठा तुकडा फोडून पाहिला. वरून काळा, आत तपकिरी, लाकडाची धार तशीच्या तशी. ते अर्धं लाकूडच होतं, आणि ओलंही.

शिवारापलीकडे वेड्या बाभळीचा कोळसा पाडणारे एक बाबा आहेत. लाकडं रचायची, वरून पाला-माती लिंपायची, हवा कोंडून दिवस-दिवस धुमसत ठेवायची. पाच-सहा किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा निघतो. त्यांच्याकडे तो तुकडा घेऊन गेले. त्यांनी आपले दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले. भांड्यासारखा खणखणीत आवाज आला. मग माझा आपटला. नुसता 'थप'. म्हणाले, "कोयसा बोलला पायजे, पोरी. मुका कोयसा घेऊ नको."

तेव्हापासून मी गोणी न उघडता घेत नाही. तळातून दोन तुकडे काढायचे, कारण वरचे चांगले लावलेले असतात. आवाज ऐकायचा. मग एक फोडायचा: आत काळाभोर आणि चकचकीत हवा, तपकिरी रेघ दिसली तर परत. हुंगून बघायचा. चांगल्या कोळशाला वास जवळजवळ नसतोच, जळक्या लाकडाचा किंवा रॉकेलचा वास आला तर नको. गोणी आकाराच्या मानाने जड लागली तर ती भिजलेली समजा, पाण्याचे पैसे देऊ नका. आणि तळाशी भुकटी किती, तेही बघा. भुकटी हवेची वाट अडवते, विस्तव घुसमटतो आणि पुन्हा तोच पांढरा धूर. मला मुठीएवढे तुकडे लागतात, मधे थोडे लिंबाएवढे.

लाकडात आमच्याकडे बाभूळ आणि वेडी बाभूळच चांगली. जड लाकूड, म्हणून कोळसा घट्ट आणि विस्तव टिकाऊ. हलक्या लाकडाचा कोळसा लवकर पेटतो आणि लवकर विझतो. पापड भाजायला ठीक, तीन तासांच्या कामाला नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा शहरात मिळतो. राख कमी, आंच कडक, पण महाग.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. आपल्याकडे वणी, चंद्रपूर, उमरेडच्या बाजूला कोळसा म्हटलं की खाणीतला दगडी कोळसा. त्यात गंधक असतं, तो धूर अन्नाला लागता कामा नये. दुसरा 'व्हाइट कोल'. सोयाबीनचं कुटार, तुराट्या दाबून केलेल्या त्या कांड्या बॉयलरसाठी असतात. तो कोळसा नव्हेच, न जळलेला काडीकचरा आहे. खऱ्या कोळशाच्या भुकटीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, मिळाल्या तर चालतील, आंच एकसारखी देतात. फक्त स्टार्चने बांधलेल्या घ्या, काडी लावताच पेटणाऱ्या नको.

आता धुराचं. चांगला कोळसा पूर्ण पेटला की त्याला धूर नसतो, त्याने फक्त आंच द्यायची. चव द्यायची ती लाकडाने, आणि त्यासाठी आपल्याकडे संत्रा आहे. बहार संपल्यावर बागेत सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या फांद्या, काढतो, त्यातल्या मनगटाएवढ्या फांद्या मी बाजूला ठेवते आणि सहा महिने सावलीत वाळवते. खोडाचा खालचा भाग घेत नाही, कारण त्याला बोर्डो मलम लावलेलं असतं. मोरचूद आणि चुना पोटात कशाला? ज्या बागेत नुकती फवारणी झालीय तिथल्या फांद्याही नको. तसंच सुताराकडचा भुसा, पॉलिशचं किंवा प्लायवूडचं लाकूड आणि कण्हेर कधीच नाही. कण्हेर तर विषारीच.

पेटवताना रॉकेल अजिबात नको. खाली वाळलेल्या तुराट्या, वर कोळसा. पऱ्हाट्या मी वापरत नाही, कपाशीवर फवारण्या फार होतात. वरच्या तुकड्यांवर राखेचा पांढुरका थर आला की कोळसा एका बाजूला सारायचा, त्याच्या कडेला न पेटलेला कोळसा लावायचा म्हणजे तो हळूहळू धरत जातो. त्यावर संत्र्याचे दोन-तीन तुकडे, कोरडेच. भिजवले तर नुसती वाफ होते. धूर पातळ, निळसर दिसला की कोंबडी ठेवा. ड्रममध्ये ११० ते १२० अंश राहू द्या, आंच खालच्या भोकांनी कमी-जास्त करा. सव्वा किलोच्या दोन कोंबड्यांना मला अडीच किलो कोळसा पुरतो. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवेल तेव्हाच काढा.

पाऊस आला म्हणून ड्रम पडवीत किंवा गोठ्यात नेऊ नका. धूर नसलेल्या विस्तवातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, बंद जागेत माणूस झोपेतच जातो.

काम झालं की सगळी भोकं बंद करा, उरलेला कोळसा आपोआप विझतो. सकाळी गार झाला की राख झटकून झाकणाच्या टिनात भरा, टिन फळीवर ठेवा. भट्टीवरून ताजा आणलेला असेल तर एक दिवस उघड्यावर पसरून मगच भरा, ताजा कोळसा ढिगात स्वतःहून तापून पेट घेऊ शकतो. आमच्या टिनातला उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी वांगी भाजायला लागतो.