पट्टी, स्क्रीन आणि मिक्सर : वर्शिप टीममध्ये नव्याने येताना

तरुण संघातलं कुणी वर्शिप टीममध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेत गाणी वाजवणाऱ्या-गाणाऱ्या गटात, यायचं म्हणालं की पहिला प्रश्न ठरलेला: कीबोर्ड कोणता घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं. आत्ता काही घेऊ नकोस. काही रविवार मागच्या बाकावर बस आणि गाणं चालू असताना आजूबाजूची तोंडं बघ. कोण गातंय, कोण कुठल्या ओळीला गप्प होतंय. पुणे-नगरकडच्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चला जमणाऱ्या लोकांमध्ये, मी आधी कीबोर्ड वाजवला, आता साउंड सांभाळतो. या कामाची एकच कसोटी मी मानतो: मंडळी गायली का?

मंडळी गप्प होते ती बहुतेक वेळा पट्टीमुळे, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरलाय त्यामुळे. यूट्यूबवर ऐकलेलं गाणं मुलं त्याच पट्टीत बसवतात. मूळ गायकाचा आवाज वर सहज जातो, आपल्या बाकांवरच्या काकांचा जात नाही. पुरुष पेटीवरच्या काळी एकच्या (सी शार्प) आसपास मोकळे गातात, बायकांना काळी चार-पाच बरी पडते, त्यामुळे एकत्र गाताना थोडी ओढाताण होणारच. म्हणून पट्टी ठरवताना नुसता सा बघू नकोस, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर बघ. तो डी किंवा फार तर ई फ्लॅटच्या वर जात असेल तर गाणं खाली आण. गायकाला कमी चमकदार वाटेल, वाटू दे. पेटीवाल्या आजोबांनी ‘काळी एक’ म्हटलं की गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे कॉर्ड धरायचे, एवढं पाठ असलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

दुसरं, गाण्याची निवड. हिंदी-इंग्रजी आराधना गीतांची मराठी रूपांतरं चटकन तयार होतात, पण बऱ्याचदा ऱ्हस्व अक्षर लांबवावं लागतं आणि दीर्घ अक्षर गिळावं लागतं. नवीन माणूस तिथेच अडखळतो. ज्यांनी ख्रिस्ताची गोष्ट मराठीत रुजवली त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली होती. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, पण त्यांचं गोव्यात राचोलला 1616 मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ जवळपास अकरा हजार ओव्यांचं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरकडे अभंग, भजन, कीर्तन हेच हाताशी धरलं. ऐकणाऱ्याच्या कानात चाल आधीच होती, शब्द नवे होते. त्यांच्या काळातलं ‘कंटेम्पररी’ हेच, असं मी तरी म्हणतो.

म्हणून नव्या टीमला मी पहिलं गाणं टिळकांचा अभंग देतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, फोर-फोरच्या दोन बारमध्ये नीट बसतो. खाली कीबोर्डचा पॅड (लांब धरलेला मऊ सूर), बेस गिटार, ऑक्टापॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) ढोलकीचा आवाज, आणि टाळ मात्र खरे. रूपक तालातलं गाणं सुरुवातीला घेऊ नकोस, सात मात्रांवर तयार लूपच्या (पुन्हा पुन्हा वाजणारा रेकॉर्ड केलेला ठेका) सवयीचे ड्रमर हमखास घसरतात.

शब्द स्क्रीनवर दाखवायला ओपनएलपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. अडचण असते ती जुन्या फाइलींची. मंडळीची गीतं कुणीतरी कधीकाळी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, ती कॉपी केली की स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतात. सगळी एकदाच युनिकोडमध्ये बदलून घे आणि जोडाक्षरं, विशेषतः ‘ऱ्या’, एखाद्या आजींना दाखवून तपासून घे. एका स्लाइडवर चारच ओळी. पुढची स्लाइड शेवटची ओळ संपल्यावर नाही, शेवटचे दोन शब्द उरले असताना बदलायची. हे काम ज्याला गाणी पाठ आहेत त्यालाच द्यावं, ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला नाही.

उपासनेच्या लाइव्ह प्रक्षेपणाचं बोलायचं तर चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. मिक्सरचा मेन आउट (हॉलच्या स्पीकरला जाणारा आवाज) सरळ ओबीएसला, म्हणजे प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरला, जोडला की घरी ऐकणाऱ्याला पाळकसाहेब (पास्टर) खणखणीत, ढोलकी जवळपास गायब आणि मंडळी तर नाहीच. कारण हॉलमध्ये खरी ढोलकी माइकशिवायही मोठी ऐकू येते, म्हणून मिक्सरवर तिचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली असतो. लाइव्हसाठी ऑक्स सेंडवरून (मिक्सरचा वेगळा आउटपुट) वेगळं मिक्स दे आणि एक-दोन माइक मंडळीकडे तोंड करून लाव. हॉस्पिटलमध्ये किंवा दुबईत बसून उपासना बघणाऱ्याला आपल्या माणसांचा आवाज हवा असतो.

कायद्याचंही थोडं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 धार्मिक विधीतल्या गाण्या-वाजवण्याला सूट देतं. तेच रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकायलाही सूट आहे असं धरून चालू नकोस. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. टिळक 1919 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द मोकळे आहेत. त्या शब्दांना अलीकडे कुणी दिलेली चाल मोकळी नसते. दुसऱ्याच्या, हक्क अजून चालू असलेल्या गाण्याचं भाषांतर करायलाही परवानगी लागते, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं.

साक्षीचे, म्हणजे कुणी आपला विश्वासाचा अनुभव सांगतो ते, व्हिडिओ करताना घाई नको. कॅमेऱ्यासमोर भरभरून बोललेल्या माणसाला गावी तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला तर चालेल का, हे दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार. नको म्हणाला तर काढून टाक, पाळकसाहेबांना आवडला असला तरी. आजार बरा झाल्याची गोष्ट असेल तर औषध बंद करा असा अर्थ कुठे निघत नाही ना, ते बघ. आणि दुसऱ्याच्या देवाधर्माला टोमणा असेल तर तेवढा भाग कापायला कुणाची परवानगी लागत नाही. नाताळच्या कॅरोल फेरीत शेजारचे पाटील-जोशी गॅलरीत येऊन ऐकतात ते आपण त्यांना कधी दुखावलं नाही म्हणूनच. फेरीला बॅकिंग ट्रॅक नेऊ नकोस, ढोलकी आणि टाळ पुरतात.

पैशाचं सगळेच विचारतात. मंडळीतली सेवा बहुधा बिनपैशाची, कन्व्हेन्शनला (मोठ्या उपासना मेळाव्याला) मानधन मिळालं तर मिळालं. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडवाल्यांचं घर ऑर्केस्ट्रा, लग्नं आणि शिकवण्यांवर चालतं. मिक्सर नीट येणाऱ्याला बाहेर जास्त काम आहे, कारण वाजवणारे पुष्कळ आणि कान देऊन आवाज सांभाळणारे कमी. डिसेंबरात बोलावणी एकावर एक येतात. त्याआधी आपल्या मंडळीच्या तारखा पाळकसाहेबांकडून लिहून घे आणि मगच बाहेर शब्द दे.