'फ्लेअर' शब्द वापरताना या चुका टाळा

एखादी गोष्ट सहजपणे आणि स्वतःच्या खास शैलीत करण्याची उपजत जाण सांगायची असेल, तर इंग्रजीत 'फ्लेअर' हा नेमका शब्द आहे. मात्र तो लिहिताना मराठी भाषकांच्या हातून काही ठरावीक चुका होतात.

सर्वांत जास्त घोटाळा स्पेलिंगचा होतो. उपजत गुणाचा 'फ्लेअर' एफ-एल-ए-आय-आर असा लिहितात, तर एफ-एल-ए-आर-ई असे लिहिल्यास त्याचा अर्थ एकदम भडकलेली ज्वाला किंवा संकटात सापडलेल्या जहाजावरून सोडला जाणारा प्रकाशाचा इशारा असा होतो. दोन्हींचा उच्चार एकच आणि दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे संगणकाचा स्पेलचेक ही चूक बहुधा पकडत नाही, आणि अर्जात लिहिलेले डिझाइनचे कौशल्य नकळत डिझाइनची ज्वाला होऊन बसते. यावर उपाय शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे. हा शब्द वास घेणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला असून, वासावरून माग काढण्याच्या क्षमतेवरून त्याला उपजत जाण हा अर्थ मिळाला. वास हवेतून येतो आणि ए-आय-आर म्हणजे हवा, एवढे ध्यानात ठेवले की स्पेलिंग चुकत नाही.

दुसरी अडचण शब्दयोगाची आहे. मराठीत आपण 'भाषांची जाण', 'चित्रे काढण्याची हातोटी' असे षष्ठीत बोलतो, म्हणून इंग्रजीतही 'फ्लेअर ऑफ' लिहिले जाते, तर कधी 'फ्लेअर टू ड्रॉ' असेही वाचायला मिळते. येथे 'फॉर'च हवा: 'शी हॅज अ फ्लेअर फॉर लँग्वेजेस', 'अ फ्लेअर फॉर ड्रॉइंग'. या रचनेतला 'अ' गाळू नये. शैलीदारपणा या अर्थाने मात्र 'शी ड्रेसेस विथ फ्लेअर' असे 'अ'शिवायच म्हणतात. अनेकवचन टाळलेलेच बरे.

अर्थाची चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते तीच भाषेचा कस पाहते. सरावाने कमावलेला हातखंडा म्हणजे 'स्किल'. 'फ्लेअर'मध्ये उपजतपणाबरोबर कल्पकतेची छटा असते. त्यामुळे वेगाने टायपिंग करणाऱ्याला 'स्किल्ड' म्हणावे, पण साध्या प्रसंगाचीही रंगतदार गोष्ट करून सांगणाऱ्याजवळ 'अ फ्लेअर फॉर स्टोरीटेलिंग' आहे, असे निःशंकपणे लिहावे.