वर्गात छापे घेताना

छापचित्रं शिकवताना मी सुरुवात मोनोप्रिंटने करते. गुळगुळीत काचेवर रोलरने शाईचा पातळ थर द्यायचा, काडीने किंवा चिंधीने शाई पुसत चित्र काढायचं, वर कागद ठेवून तळहाताने दाबायचं. नीट छाप एकच निघतो, म्हणून मुलं बिचकत नाहीत.

मग लिनो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप घेणं. इथे घाई नको. लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनतं, थंडीत कडक होतं; तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवा, मग कोरणी सहज सरकते. ती नेहमी अंगापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवायचा. कोराल तेवढं पांढरं राहतं, आणि सगळं उलटं उमटतं. एका मुलीने स्वतःचं नाव सुलटं कोरलं आणि छाप पाहून रडवेली झाली. तेव्हापासून अक्षरं ट्रेसिंग पेपरवर काढून, तो पालथा घालूनच उतरवायला लावते. शाई किती? रोलरखाली बारीक चरचर ऐकू आली की पुरे. पचपच झालं तर नाजूक रेषा बुजतात.

कोलाग्राफसाठी, म्हणजे वस्तू चिकटवून केलेल्या ठशाच्या छापासाठी, पुठ्ठ्यावर जाळी, दोरा, वाळकी पानं चिकटवा. वर वॉर्निशचे 2 हात हवेतच, नाहीतर पुठ्ठा शाई पितो.