आधी सम हुडका

आमच्या घरात गाणं नव्हतं. रेडिओ होता, गणपतीत गल्लीत स्पीकर होता, पण तानपुरा, पेटी, 'आमचे आजोबा अमक्या बुवांचे शागीर्द' असलं काही नव्हतं. वडिलांचं गॅरेज, आणि मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला. बाविसाव्या वर्षी शास्त्रीय गाणं ऐकायला लागलो. त्याला आता चार वर्षं होतील. त्यातली दीड-दोन वर्षं मी चुकीच्या वाटेनं घालवली. ज्यांच्या घरात गाणं नाही आणि तरी कान तिकडं ओढ घेतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरात गाणं असलेल्यांना हे सगळं बाळबोध वाटेल, त्यांनी सोडून द्यावं.

पहिली मैफल ऐकली ती आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागायच्या आधी. मित्राकडं जादा पास होता म्हणून गेलो. गायकानं एकच ओळ चाळीस मिनिटं घोळवली. मध्येच ते पाणी प्यायला थांबले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या आजींनी मागं वळून बघितलं, ते बघणं अजून आठवतंय. पण खरी बोच वेगळीच होती. मधूनमधून सगळं सभागृह एकदम 'वाऽ' म्हणायचं, माना एकाच क्षणी खाली यायच्या, आणि मला काय झालं तेच समजायचं नाही. सगळ्यांना विनोद कळलाय आणि आपण नुसतेच हसल्यासारखं करतोय, तसं.

दुसऱ्या दिवशी हे गल्लीतल्या एका काकांना सांगितलं. ते पूर्वी भजनी मंडळांना आणि हौशी नाटकांना तबल्याची साथ करायचे. म्हणाले, "तू तालमीत हलगी वाजवत होतास न्हवं? मग तुला कळायला पाहिजे."

"काका, हलगीचा काय संबंध?"

"गाणं कळायचं राहू दे बाळ. सम कुठं येतीय तेवढी हुडक."

हे वाक्य मला तेव्हा पटलं नाही. गाणं म्हणजे सूर, राग, भाव असं डोक्यात. मग मी माझ्या पद्धतीनं अभ्यास सुरू केला, आणि तिथंच चुकलो. एक वही केली, महिन्यात चाळीस राग ऐकायचे ठरवलं. प्रत्येकाचा थाट, वादी, संवादी, वेळ असं लिहून काढलं. वही सुरेख झाली. कानाला मात्र यमन आणि बिहागमधला फरक विचारला असता तर त्यानं वहीकडं बोट दाखवलं असतं. रागांची माहिती गोळा करणं हे ऐकण्याचं काम नाही, हे समजायला मला वर्ष लागलं. नवीन माणसाला हा मोह होतोच, कारण माहिती मिळवणं सोपं असतं आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं.

शेवटी काकांकडं परत गेलो. त्यांनी मांडीवर तीनताल धरला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा. पहिलीवर सम, नववीवर खाली. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात सहसा नसलेली खूण त्यांनी दिली, ती अशी. खालीनंतर डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा गप्प होतो, 'धिं'चा 'तिं' होतो. चौदाव्या मात्रेला डग्गा परत बोलायला लागतो. तो बोलला की समजायचं, सम तीन मात्रांवर आली. मोजायचं चुकलं तरी हरकत नाही, डग्गा परत घुमला की सावध व्हायचं. त्याच सुमाराला गायकही बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, उचलतो. मुखडा आणि ठेका दोघं दोन बाजूंनी चालत येतात आणि एका 'धा'वर गाठ पडते. सभागृहाच्या माना खाली येत होत्या त्या इथं.

हे समजलं त्या दिवशी मला हलगी आठवली. खासबागेत कुस्ती बघायला बसलं की गर्दीत आखाडा दिसत नाही, पण हलगीची लय चढली की आपण उठून उभं राहतो. डाव लागायला आलाय हे डोळ्यांआधी कानाला कळलेलं असतं. म्हणजे जे मला येत नाही असं वाटत होतं, ते मी लहानपणापासून करत होतो. आणि खासबागेचं मैदान नाट्यगृहाला अगदी खेटून आहे. शाहू महाराजांनी दोन्ही शेजारी शेजारी उभारली, भिंतीच्या एका अंगाला हलगी आणि दुसऱ्या अंगाला गाणं. मी बावीस वर्षं एकाच अंगाला बसलो होतो.

म्हणून माझं मत असं की कोल्हापूरच्या पोरानं गाण्यात लयीच्या दारानं शिरावं. सूर नंतर येतो. हे मत सगळ्यांना मान्य होणार नाही. माझ्या हल्लीच्या गुरुजींनाही ते अर्धंच मान्य आहे.

पहिल्यांदा ऐकायचं काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालातला ख्याल घेऊ नका. त्यात एक आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेरा, पाऊण-एक मिनिट चालतं. तोवर नवशिक्याचं लक्ष तीनदा भटकून येतं. जयपूर-अत्रौली घराण्याचा विलंबित तीनताल घ्या. त्याची चाल त्यामानानं बरीच जलद असते. मी मोबाईलवर वेळ लावून मोजलं तेव्हा काही ध्वनिमुद्रणांत आवर्तन वीस-बावीस सेकंदांचं निघालं. एवढ्या वेळात सम हातातून निसटत नाही. आणि हे घराणं आपल्याच गावात वाढलेलं आहे. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांचे दरबार गायक होते, महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. तरुणपणी अतिगाण्यानं त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीशी घट्ट बांधलेली, वळणावळणाची गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. माझा आवाज बसला होता तेव्हा या गोष्टीचा मला फार आधार वाटला होता. देवल क्लब या आमच्याकडच्या जुन्या संगीतसंस्थेजवळ त्यांचा पुतळा आहे. मी कॉलेजला असताना त्याच्यासमोर मोपेड लावायचो, पुतळा कोणाचा ते कधी वाचलं नव्हतं. देवल क्लब १८८३ सालचा आहे, हेही नंतरच समजलं.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्या मी सगळ्यांना आधी ऐकायला सांगतो. कारण साधं आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. सगळा राग तेवढ्यात मांडायचा म्हटल्यावर पाल्हाळ नाही, सम पटापट येते. दहा वेळा ऐकलं तरी अर्धा तास होतो. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या, पण लहानपणी काही महिने कोल्हापुरात राहून अब्दुल करीम खाँकडं शिकल्या होत्या. त्यांची भैरवी 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच वर्षी त्या वारल्या. तबकडी खरखरते म्हणून कंटाळू नका. आठवड्याभरात खरखर ऐकू येईनाशी होते.

मग मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. मंजी खाँ आणि भूर्जी खाँ या अल्लादिया खाँच्या दोन मुलांकडं ते शिकले. मग मोगूबाई कुर्डीकर, मग किशोरी आमोणकर. यांच्या अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांच्या नादाला मात्र लगेच लागू नका. मी लागलो होतो. साधा मालकंस कानात बसायच्या आधी संपूर्ण मालकंस ऐकायला घेतला. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य, संपूर्ण मालकंसात ते येतात. पण ते नसताना कसं वाटतं हेच माहीत नसेल, तर ते आल्याचं नवल काय वाटणार?

रागासाठी मी आता एकच रीत पाळतो. एक महिना, एक राग. पहिला भूप घेतला. सा रे ग प ध, पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. कामावर जाताना शिरोलीपर्यंत तेच, येताना तेच. आठ-दहा दिवसांनी कंटाळा आला. तो आला की सोडू नका, त्याच्यापलीकडं काहीतरी असतं. पंधरा-सोळाव्या दिवशी मशीनशॉपमध्ये उभा असताना मनात गंधार आला. शब्द नाही, ओळ नाही, नुसता भूपाचा गंधार, त्याच्या जागेवर. माझ्या चार वर्षांतली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

शिकायला जावं का? जावं. गवई व्हायचं नसलं तरी जावं. पण पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला आपला 'सा' धरायचा ते, सांभाळा. मी आधी ज्या क्लासला गेलो तिथं मुलं-मुली सगळी एकत्र, पेटी एक, आणि सोयीसाठी पट्टीही एकच. मुलींना जमेल अशी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मी तीन महिने ओरडलो आणि घसा बसला. सांगितलं तर 'रियाज कमी पडतोय' असं उत्तर मिळालं. दुसरीकडं गेलो तेव्हा बाईंनी पहिला तास फक्त माझा 'सा' शोधण्यात घालवला. खाली मंद्र पंचम आणि वर तार गंधार ताण न देता लागला पाहिजे, मग तो सा आपला. माझा काळी एक निघाला. क्लास निवडताना फी आणि परीक्षेचा निकाल नंतर विचारा. माझी पट्टी कशी ठरवणार, हे आधी विचारा.

परीक्षांबद्दल थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत. शिस्त लागते, बंदिशी पाठ होतात. मी प्रवेशिका पूर्ण केली आणि थांबलोय.

आणि एकदा मिरजेला जा. पॅसेंजरनं तासाभराचं अंतर. तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी गेलो होतो ते निव्वळ कुतूहलानं. पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि एक म्हातारे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत, म्हणजे तार खुलून वाजावी म्हणून घोडी घासत, बसलेले. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार लावायची, छेडायची, ऐकायचं. परत कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं. आधी तार नुसती 'टण्' वाजत होती. एका जागी धागा आला आणि ती उघडली. एका तारेतून दुसरेच स्वर बाहेर यायला लागले. मी सांगितलं, आम्हीपण कास्टिंगवर हातोडी मारून ऐकतो, तडा असला की बद्द वाजतं. ते म्हणाले, "मग तुमचा कान तयार आहे की. फक्त आवाज थांबल्यावर काय ऱ्हातंय तेपण ऐकत जावा." फाउंड्रीत आम्ही आवाज थांबला की पुढच्या नगाकडं वळतो.

मैफलीला जाल तेव्हा तबलजी दिसेल अशा बाजूला बसा, बहुतेक वेळा तो आपल्या डाव्या हाताला असतो. मांडीवर बोटांनी ताल धरा, पण आवाज न करता. उठायचं असेल तर बंदिश संपल्यावर उठा. आणि पाणी प्यायला थांबले तर टाळ्या वाजवू नका.

गेल्या महिन्यात देशकार घेतलाय. भूपाचेच पाच स्वर. भूप गंधाराचा, रात्रीचा. देशकार धैवताचा, सकाळचा. परवा काकांच्या कट्ट्यावर बसलो होतो, त्यांनी मोबाईलवर काहीतरी लावलं आणि नाव झाकून विचारलं, "सांग."

मी डोळे मिटून ऐकलं. "देशकार."

"कशावरनं?"

"धैवतावर थांबतायत."

काकांनी काही न बोलता गाणं पहिल्यापासून लावलं. यावेळी मला गंधारही ऐकू आला.

"आता?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "अजून एकदा लावा."